झाकणाच्या आतल्या रेघा

लिहिणं हे आपलं काम नाही असं मला अजूनही वाटतं, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. घरात आजवर जे लिहिलं गेलं ते सरकारी अर्ज, नाहीतर लग्नपत्रिकेच्या पाकिटांवरची नावं. माझ्या निबंधावर सरांनी एकदा लाल शाईत शेरा दिला होता, ‘मुद्दा कुठे आहे?’ तो शेरा वाचून मी दोन वर्षं काही लिहिलं नाही. आता लिहितोय, कारण पंधरा घड्याळांची एक हकीकत माझ्यासमोर घडली आणि ती नीट सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही. एक कारागीर आहेत, पण ते म्हणतात, “आमी रेघा वडल्या, अक्षरं तू काढ.”

मी बोरी बुद्रुकचा. कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या मनगटावर ‘फर्स्ट कॉपी’ होती. आळेफाट्याला हायवेच्या कडेला टेबल मांडून एक जण मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या नावाची घड्याळं विकतो, त्यातलं एक. जड, चकचकीत, सोनेरी आकड्यांचं. घड्याळ खोटं आहे हे मला माहीत होतं आणि समोरच्यालाही माहीत असणार हे मला कळत नव्हतं. पहिल्याच महिन्यात वर्गातल्या एका मुलाने माझा हात धरून उलटासुलटा केला.

“ओरिजनल हाय का भाऊ?”

“हो.”

“मंग ह्याचा सेकंदकाटा टकटक उड्या का मारतोय? ओरिजनलचा काटा सरकतो, राव. पाण्यागत.”

आजूबाजूचे हसले. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्याही हातात कॉपीच होती, फक्त जरा महागातली. तिचा काटा सरकत होता. त्या दिवसापासून मी घड्याळ खिशात ठेवायला लागलो आणि नंतर घरी ठेवायला लागलो. त्यानंतर माझी नजर मात्र बिघडली. कुणीही भेटलं की आधी मनगट दिसायचं. कंपनी कोणती, काटा उडतो की सरकतो, पट्टा कातड्याचा की रेक्झिनचा. माणूस नंतर.

चावीची जुनी घड्याळं माझ्याकडे आली ती अर्जांमुळे. वाडीत कॉलेजला जाणारा मी एकटा, म्हणून सगळ्यांचे ऑनलाइन अर्ज माझ्याकडे. ई-पीक पाहणी करायची असली की शेतात जाऊन मोबाइलवर फोटो काढायचा, पीक निवडायचं, रेंज येईपर्यंत बांधावर उभं राहायचं. विमा, शिष्यवृत्ती, आधार जोडणं हे सगळं मीच. पैसे घ्यायला मला जड जायचं आणि फुकट करून घ्यायला लोकांना. शेजारच्या एका चुलत्यांनी एकदा पत्र्याच्या डब्यातून बंद पडलेलं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

“लग्नात सासऱ्यांनी दिल्यालं. चाललं तर तुझं, न्हाई चाललं तरी तुझंच.”

आमच्याकडे जावयाला घड्याळ देण्याची पद्धत होती. शेतात काम करताना ते कुणी घालायचं नाही, लग्नकार्याला आणि तालुक्याला जाताना तेवढं घालायचं. म्हणून घरोघरी अशी घड्याळं डब्यात पडून होती. बरीचशी एकाच, आता बंद झालेल्या सरकारी कारखान्यातली. चुलत्यांचं ते घड्याळ मी चावी देऊन कानाला लावलं आणि ते चाललं. त्याचा सेकंदकाटा सरकत होता. अगदी पाण्यासारखा म्हणता येणार नाही, पण सरकत होता.

ही गोष्ट वाडीत पसरली. मग ज्याचा अर्ज भरावा तो डबा उघडायचा. “पैशे न्हाई घेत तो, घड्याळं घेतो,” असं माझं नाव झालं. बोरीतून, आळ्यातून, मावशीच्या सासरहून, असं करत वर्षभरात माझ्याकडे पंधरा घड्याळं जमली.

पुण्यात घड्याळं जमवणाऱ्यांची एक मंडळी आहे. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये मी शिरलो. डॉक्टर, आर्किटेक्ट, निवृत्त अधिकारी अशी माणसं. दरवर्षी ते एका सभागृहात प्रदर्शन भरवतात, प्रत्येकाला एक टेबल मिळतं. त्या प्रदर्शनात आपल्या पंधरा घड्याळांचं टेबल असावं, हे माझ्या डोक्याने घेतलं. का घेतलं ते सरळ सांगतो. ज्या माणसाचा हात एकदा लोकांनी उलटासुलटा करून पाहिला आहे, त्याला वाटतं की एकदा तरी आपला हात आपण होऊन पुढे करावा आणि कुणी हसू नये.

ग्रुपवर फोटो टाकले. त्यावर झाकणाच्या आतले फोटो मागवले गेले. चार घड्याळांची झाकणं मी उघडली, तर आत चरे. स्क्रूड्रायव्हर घसरल्यासारखे ओरखडे. मला लाज वाटली. टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन मी ती चारही झाकणं आतून बाहेरून आरशासारखी घासली आणि मग फोटो काढले. एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केलेली नाही, पण तेव्हा ती हुशारी वाटली होती.

ग्रुपच्या संयोजकांचं उत्तर तासाभरात आलं. ते नेहमीच शुद्ध आणि सभ्य लिहितात. ‘मित्रा, डायल एका मॉडेलचा, काटे दुसऱ्याचे, आतलं मशीन तिसऱ्याचं. ही घड्याळं नाहीत, खिचडी आहे. आपल्या प्रदर्शनाचा नियम चार वाचावा: ज्या घड्याळातला एक जरी भाग मूळ कंपनीचा नसल्याचे आढळेल ते घड्याळ स्वीकारले जाणार नाही. नाउमेद होऊ नये. एखादं चांगल्या कंपनीचं घ्यावं, भले एकच.’ खाली चार-पाच हसरे चेहरे. कुणीतरी लिहिलं, ‘खिचडीबरोबर पापड आहे का?’

मी ‘हो सर, धन्यवाद’ असं लिहिलं. आम्ही असंच लिहितो.

घासण्याची हौस संपली. उरलेली अकरा झाकणं उघडून मी आईच्या परातीत ओळीने मांडली, पुसून परत लावायची म्हणून. आई भाकरीचं पीठ मळायला परात शोधत आली.

“ह्या एवढ्याशा वाट्यांत काय चटणी वाढायची का रं?”

“घड्याळांची झाकणं आहेत.”

ती वाकली. आईला वाचता जेमतेम येतं, पण ती परातीत बराच वेळ बघत राहिली. “हे मोजल्यालं हाय,” ती म्हणाली.

“काय मोजलंय? चरे आहेत ते.”

“चरं कशाला एका मापाचं पडतील? कांद्याच्या गोण्या भरताना आमी भितीवर कोळशानं वडतो का न्हाई, तसं हाय हे. हितं पाच. हितं तीन. आन् ही बग, काय रेघा बुटक्या हायेत, काय लांबड्या.”

मी भिंग लावलं. प्रत्येक झाकणात एकाच जागी तीच खूण होती: एक छोटा कोन आणि त्याच्या पोटात टिंब. तिच्या शेजारी ओळीने रेघा, काही आखूड, काही लांब. बोरीच्या घड्याळात तीच खूण, आळ्याच्या घड्याळात तीच, आंबेगाव तालुक्यातून मावशीने आणलेल्या घड्याळातही तीच. अकरा झाकणं, पण एकच हात. आणि ज्या चार झाकणांवरून तो हात मी पुसून टाकला होता ती बाजूला लखलखत पडली होती.

आळ्याचं घड्याळ ज्यांचं होतं ते काका दवाखान्यात कंपाउंडर होते. दुसऱ्या दिवशी सायकल काढून त्यांच्याकडे गेलो. झाकण दाखवल्याबरोबर ते हसले.

“पेटीवाला! अरं तो बाजारात बसायचा. हातभर लाकडी पेटी, वर काच, डोळ्याला भिंग. आज आळं, उद्या नारायणगाव, परवा मंचर. ज्या गावचा बाजार त्या गावात.”

“आता कुठे असतात?”

“घोडेगावच्या अलीकडं घर हाय म्हणत्यात. पण एक सांगू का, आमच्याकडच्या घड्याळाच्या दुकानदारानं त्याला लई बदनाम केल्यालं. ‘पेटीवाला डुप्लिकेट माल घालतो’ म्हणायचा. दुकानावर कंपनीचा बोर्ड व्हता ना. बोर्डवाल्याचं कोण खोटं मानणार?”

आळेफाट्याहून एसटीने मंचर, तिथून दुसरी गाडी. घर सापडायला दुपार झाली. दाराशी पंचशील ध्वज, ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या बाई आणि खुर्चीत एक बारीक, ताठ म्हातारा. मी नमस्कार केला आणि आळ्याचं झाकण त्यांच्या तळहातावर ठेवलं. 

त्यांनी झाकण डोळ्याजवळ नेलं. “सात,” ते म्हणाले. “चार बुटक्या, तीन लांबड्या. हे कंपाउंडरचं घड्याळ. विहिरीत पडल्यालं.”

“तुम्हाला लक्षात आहे?”

“मला कशाला लक्षात ठिवाया लागतंय? त्यासाटीच तर लिव्हून ठिवलं.” मग बायकोकडे वळून, “बगा, पावणं आलं ते चाळीस वर्सांमागचं घड्याळ घिऊन. आता वारंटी संपली म्हणून सांगू का?”

“आदी पाणी द्या त्याला, मंग वारंटी,” काकू म्हणाल्या.

बाबांनी (मी त्यांना त्या दिवसापासून बाबाच म्हणतो) मला रेघांचा अर्थ सांगितला. आखूड रेघ म्हणजे दुसऱ्या घड्याळातून काढून घातलेला भाग. लांब रेघ म्हणजे कुठेच मिळाला नाही म्हणून स्वतः हाताने घडवलेला भाग. जेवढे भाग कंपनीचे नाहीत तेवढ्या रेघा. पुण्याच्या एका दुकानात ते शिकले होते. “मागच्या खोलीत बसायचो. काम माझं, गल्ल्यावर मालक. गिऱ्हाइकाला माझं तोंड दिसाया नको, असा कायदा.” मग पेटी घेऊन आपल्या भागात आले. “बाजारात गिऱ्हाईक आदी मला इचारायचं, कुठलं? घड्याळ न्हाई, मी. कुठलं, कुणाचं. ते समजल्यावर बगायचं, घड्याळ द्यायचं का न्हाई. काय द्यायचं, काय मागारी फिरायचं.”

“आणि तो दुकानदार?”

“त्येनं म्हणायला सुरवात केली, डुप्लिकेट. म्हणलं ठीक हाय. आजपासून मी काय घातलं ते सगळं झाकणाच्या आत लिव्हून ठिवणार. उद्या दुसऱ्या कारागिरानं उघडलं तर त्येला पयल्या नजरंत कळलं पायजे की हितं काय काय बदाललंय. लपवतो तो खोटा. आमी सांगून करतो.”

मी तेव्हा त्यांना घासलेल्या चार झाकणांबद्दल सांगितलं नाही.  ग्रुपचं मात्र सांगितलं आणि खिचडीचा मेसेजही वाचून दाखवला. काकूंना खूप हसू आलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी मला तो मेसेज पुन्हा वाचायला लावला, विशेषतः नियम चार.

“हे पुण्याचं लोक,” ते सावकाश म्हणाले, “वळखतील का, कंच्या भागाला माझा हात लागलाय?”

“त्यांच्याकडे एक मोठे कारागीर येतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. ते सांगतील तो शेवटचा शब्द.”

“मंग जाऊ की,” बाबा म्हणाले. “शेवटचा शबूद ऐकाया जाऊ.”

मी संयोजकांना विचारायला घाबरत होतो. चार वेळा मेसेज लिहून खोडला. शेवटी लिहिलं, ‘सर, या घड्याळांची दुरुस्ती ज्यांनी केली ते सापडले आहेत. मासिक बैठकीला आणू का?’ त्यांनी ‘अवश्य’ असं लिहिलं. सभ्य माणूस आहे, हे मी पुन्हा सांगतो.

बैठकीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. पुण्यात सभागृहात शिरलो तर टेबलांवर मखमल, मखमलीवर घड्याळं. चहाचे कप घेऊन लोक एकमेकांची मनगटं बघत होते. अगदी आमच्या वर्गातल्यासारखे, फक्त हात न धरता. बाबांच्या मनगटावर काहीच नव्हतं.

“आपण घड्याळ वापरत नाही?” एका गृहस्थांनी विचारलं.

“आचारी काय सारखा जेवत बसतो का, सायेब?” बाबा म्हणाले. ते गृहस्थ मोकळेपणाने हसले आणि मला जरा धीर आला.

माझी घड्याळं टेबलावर मांडली. उस्ताद आले. जाडजूड, शांत, हातात स्वतःची लहानशी चामडी थैली. संयोजक म्हणाले, “यातलं एक उस्तादांनी उघडून पाहावं. मूळ नसलेला भाग निघाला की नियम चारचा प्रश्न मिटला. आपल्या तरुण मित्राचंही समाधान होईल.”

बाबांनी कंपाउंडरचं घड्याळ पुढे केलं. “एक म्हननं हाय माजं. झाकण उगडलं की उपडं ठिवा. आत बगायचं न्हाई. मशीन बगा आन् सांगा, किती भाग कंपनीचं न्हाईत.”

उस्तादांनी मान हलवली. झाकण उपडं ठेवलं, डोळ्याला भिंग चढवलं. आम्ही सगळे भोवती गोल करून उभे. पाचेक मिनिटं चिमट्याच्या किणकिणीशिवाय आवाज नव्हता.

“डायल दुसऱ्या मॉडेलचा,” उस्ताद म्हणाले. “काटे बदललेले. चावीची टोपी बाहेरची. आणि आतलं हे एक चाक. चार.”

“चार,” संयोजक म्हणाले आणि माझ्याकडे बघून खांदे किंचित वर केले.

“अजून बगा,” बाबा म्हणाले.

उस्तादांनी पुन्हा पाहिलं. घड्याळ कलतं केलं, दिवा जवळ ओढला. “नाही. बाकी सगळं कंपनीचं आहे.”

“खात्री?”

“तीस वर्षं हेच करतोय, बाबा.”

“मंग आता झाकण सुलटं करा.”

झाकण उलटलं. उस्तादांच्या भिंगाखाली ते गेलं आणि मी त्यांचे ओठ मोजताना पाहिले. सात.

“बुटक्या चार तुमी बराबर काढल्या,” बाबा म्हणाले. “लांबड्या तीन ऱ्हायल्या.”

उस्तादांनी भिंग काढलं नाही. ते परत मशीनवर वाकले आणि या वेळी कुणी घाई केली नाही. संयोजकांनी चहाचा कप खाली ठेवला.  किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एवढी घड्याळं भोवती होती, पण मी एकातही पाहिलं नाही.

शेवटी उस्तादांनी भिंग उतरवलं. “कोणते?”

“चावीची दांडी. ती सायकलच्या आऱ्यातनं काढली.”

“दुसरा?”

“कमानीची चावी मागं फिरू नये म्हणून ती इवलीशी स्प्रिंग असती का न्हाई, ती. जुन्या गजराच्या घड्याळाच्या कमानीतनं कापली.”

“आणि तिसरा?”

“बॅलन्सचा दांडा.”

उस्तादांनी पुन्हा मशीनकडे पाहिलं. बॅलन्सचा दांडा म्हणजे घड्याळातला सगळ्यात नाजूक भाग. त्याची टोकं केसापेक्षा बारीक असतात, आणि सगळं घड्याळ त्याच्यावर झुलतं. “हा दांडा हाताने केला?”

“बायकूच्या शिवणाच्या सुईतनं. तीन सुया मोडल्या. चौथीला जमला.” मग जरा थांबून, “ती अजून मागतीया.”

सगळं सभागृह हसलं. त्या हसण्यात मीही होतो, आणि हे हसणं कुणाच्या मनगटाला नव्हतं. उस्ताद उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि बाबांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. बोटं उघडून बघितली, जशी एखादी वस्तू बघतात तशी. “मला कंपनीचा मिळाला असता तरी मी हा दांडा बदलला नसता,” ते संयोजकांना म्हणाले. “आणि मला हा ओळखता आला नाही, हे बैठकीच्या नोंदीत लिहा.”

इथे थांबलो असतो तर सगळं सोपं होतं. पण संयोजकांनी विचारलं, “म्हणजे पंधराही घड्याळांत अशी नोंद आहे?” आणि बाबा अभिमानाने म्हणाले, “माज्या हातनं गेलंय त्या परत्येकात.”

त्यांनी सहज हात पुढे करून लखलखणाऱ्या चारांपैकी एक उघडलं. आत काहीच नव्हतं. त्यांनी झाकण दिव्याखाली फिरवलं. दुसरं उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प राहिलो असतो तर ती चार दुसऱ्या कुणाची तरी दुरुस्ती ठरली असती. तेवढं खोटं कुणाला कळलंही नसतं. पण मला दिसलं की बाबा मनातल्या मनात स्वतःला विचारतायत, आपण विसरलो होतो की काय. त्यांच्या चेहऱ्यावर ते बघवलं नाही.

“ती मी घासली,” मी म्हणालो.  “टूथपेस्टने. मला वाटलं चरे आहेत. फोटोत चांगली दिसावीत म्हणून घासली. बाबांच्या रेघा होत्या, त्या मी पुसल्या. या चार घड्याळांत आता काय खरं आणि काय बदललेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. ही चार मी मागे घेतो. नियम मोडणारं काही असेल तर ते मी केलंय, त्यांनी नाही.”

 संयोजकांनी चष्मा पुसला. “समिती विचार करेल,” ते म्हणाले. “नियम बदलायचा तर सगळ्यांचं मत घ्यावं लागतं. प्रदर्शनाआधी कळवू.”

परतीच्या एसटीत मला वाटलं बाबा बोलणार नाहीत. खेड मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “कंच्या पेस्टनं घासली?”

मी सांगितलं.

“चांगली हाय ती. माजी रेघ सोपी न्हाई निगत.” आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “चार गेली, राव. अकरा हायेत. रडतो काय?”

मी रडत नव्हतो. म्हणजे फारसा नाही.

त्यानंतरचे दिवस अवघड गेले. बाबा वरवर म्हणायचे, “दिलं टेबल तर दिलं, न्हाई तर न्हाई.” पण काकूंनी फोनवर मला हळूच सांगितलं की त्यांनी आख्ख्या आळीला सांगून ठेवलंय, बाजारात भेटेल त्यालाही सांगतात, आणि रोज सकाळी विचारतात, “त्या पोराचा फोन आल्ता का?” म्हातारपणी माणूस पुन्हा एकदा खोटा ठरू नये, एवढंच त्या म्हणाल्या. मी पुण्याला विचारू शकत नव्हतो. विचारणं उद्धटपणा वाटायचा. मी ग्रुप दिवसातून पन्नासदा उघडायचो. तिथे लोक नव्या घड्याळांचे फोटो टाकत, एकमेकांना शाबासकी देत. आमच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. एकदा ‘खिचडी’ हा शब्द दिसला म्हणून मी वरचे सगळे मेसेज वाचून काढले, पण ते कुणाच्या तरी जेवणाबद्दल होतं.

मी त्या काळात एक काम केलं. अकरा घड्याळांच्या मालकांकडे परत गेलो आणि प्रत्येकाला त्याच्या घड्याळातल्या रेघा वाचून दाखवल्या. तुमच्यात दोन आखूड, एक लांब. तुमच्यात पाच, सगळ्या आखूड. माणसं भिंग लावून बघायची. एका आजोबांनी मला सांगितलं, “मला वाटायचं त्यानं काय तरी गडबड केली आसंल. कधी उगडून बगितलंच न्हाई.” त्यांनी भिंग माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, “त्येला माजा जयभीम सांग.” त्या आजोबांना मी लहानपणापासून ओळखतो. बाबांसारख्या माणसाच्या घरी त्यांनी कधी पाणी घेतलं नसावं, असं मला वाटतं. चुकतही असेन. निरोप मात्र मी त्याच संध्याकाळी फोनवर पोचवला. बाबा म्हणाले, “त्येच्या घड्याळाला तेल द्यायला झालं आसंल. आण एकदा.”

बातमी आली तेव्हा मी एका शेतकऱ्याच्या टोमॅटोच्या वावरात उभा होतो. ऊन उतरायला लागलं होतं, आणि अंधारायच्या आत आम्हा सगळ्यांनाच घरी परतायचं होतं. आमच्याकडे उसातून बिबट्या कधी निघेल सांगता येत नाही. मी पिकाचा फोटो काढून रेंजची वाट बघत हात वर करून उभा होतो. रेंज आली आणि पिकाचा फोटो जायच्या आधी मेसेज आत आला. संयोजकांचा. नेहमीसारखाच शुद्ध. मी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, मग शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, मग बाबांना फोन लावून तिसऱ्यांदा वाचला:

‘समितीच्या बैठकीत नियम चार एकमताने बदलण्यात आला आहे. बदललेल्या भागांची नोंद कारागिराने घड्याळातच केली असेल तर ते घड्याळ यापुढे अस्सल मानले जाईल. आपली अकराही घड्याळे प्रदर्शनासाठी स्वीकारली आहेत. टेबल दाराच्या समोरचे, पहिले. उस्तादांनी कळवले आहे की त्या टेबलामागे बाबांच्या शेजारची खुर्ची त्यांना हवी.’